नऊ मिनिटं आणि हुसेनभाईंचा चहा

"घाला की गाणं. माझी काही हरकत नाही," नाना म्हणाले आणि त्यांनी शेंगदाण्याच्या चटणीची वाटी पुढे ओढली.

माझा घास हातातच राहिला. समोर निर्माते बेलसरे बसले होते, त्यांचाही हात बशीवरच थांबला. मुंबईहून एवढी गाडी हाकत ते आले होते ते चांगले भांडणाच्या तयारीने. हा माणूस कुणाच्या बापाचं ऐकत नाही, असं त्यांना दहा जणांनी सांगितलेलं असणार. आणि इथे आजऱ्याजवळच्या एका खेड्यात, घराच्या पुढच्या सोप्यातल्या घोंगड्यावर बसून, पोहे संपायच्या आत माणूस हो म्हणून मोकळा!

"नाना!" मी ओरडलेच. "काय बोलताय काय तुम्ही?"

"तू पोहे खा, सुनंदा. गार व्हायला लागले."

पोहे गेले चुलीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली, पण ती सकाळ आठवली की मी अजून चिडते.

विश्वनाथ माद्याळकर, म्हणजे आमचे नाना, सिनेमे करायचे. बावीस वर्षांत चार. बारा वर्षं मुंबईत काढून एक दिवस त्यांनी बिऱ्हाड आवरलं आणि गावी परत आले, ते कायमचे. अडीच एकर घनसाळ भात, थोडी काजूची झाडं, एक म्हैस, सुमनवहिनी, आणि पाच-सहा वर्षांनी सुचलं तर एक पिक्चर. पिक्चर हाच त्यांचा शब्द. मधल्या काळात काय करता, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "मधला काळच तर करतो. पिक्चर आपलं अधूनमधून."

आणि मी त्यांची ध्वनिमुद्रक. सिनेमातला आवाज पकडायचं माझं काम. मिरजेची, तोंडाने फटकळ, मुंबईत तिघांशी भांडून काम सोडलेली. नानांनी मला घेतलं ते बहुतेक त्याच कारणाने.

त्या चौथ्या पिक्चरमध्ये एक प्रसंग होता. म्हातारी आई सोप्यात बसून भात पाखडते. तिचा मुलगा त्या सकाळी घर सोडून चाललाय, दोघांचं धड बोलणं झालेलं नाही. ती पाखडत राहते. सुपाचा आवाज, उडणाऱ्या फोलपटांचा आवाज, मध्येच एक कोंबडी. मग लांब, डोंगराच्या वळणावर एसटीचा आवाज येतो. म्हातारीचा हात थांबतो. एसटी चढ चढते, गिअर बदलते आणि आवाज विरत विरत जातो. मग सूप पुन्हा सुरू होतं. एवढंच. नऊ मिनिटं. एक शब्द नाही.

म्हातारीचं काम गावातल्याच कृष्णाबाईंनी केलं होतं. जन्मात कॅमेरा पाहिला नव्हता बाईंनी. त्या सुपाच्या आवाजासाठी मी अकरा दिवस रोज सकाळी त्यांच्या सोप्यात मांडी घालून बसले होते. नवीन सूप टणक वाजायचं, फार जुनं सूप मेल्यासारखं. शेवटी शेणानं सारवलेलं, दोन सुगी वापरलेलं सूप सापडलं, तेव्हा मी लहान पोरासारख्या टाळ्या पिटल्या होत्या. आणि ती एसटी! वळणावरचा तो आवाज मिळवायला मी सहा दिवस टेकडीवर काट्यात बसले होते. आणि त्यावर आता गाणं घालायचं!

"सर, मी मनापासून सांगतो," बेलसरे म्हणाले. माणूस वाईट नव्हता, बोलायला अगदी मऊ. "तुमचा सिनेमा मला आवडलाय, म्हणून तर आलो. दीड वर्षं डब्यात पडून आहे तो. मी सगळ्या महाराष्ट्रात लावतो. पण ती नऊ मिनिटं! प्रेक्षक नऊ मिनिटं गप्प बसत नाही हो. तिथे एक गाणं टाकू. आईची माया, लेकाचा विरह. गाणं तयारच आहे, अतिशय गोड चाल आहे. तेवढं झालं की आजच सही करू."

"सही आज नको," नाना म्हणाले. "आधी लोकांना दाखवू. आजऱ्याच्या महादेव टॉकीजमध्ये शनिवारी तीनला गाण्यासकट लावू. रविवारी तीनला गाण्याशिवाय. फुकट खेळ. लोक जे करतील ते बघू आणि मग ठरवू. गाणं टिकलं तर गाणं. सूप टिकलं तर सूप. मग तुम्हीही बोलायचं नाही आणि मीही बोलणार नाही."

बेलसऱ्यांचा चेहरा खुलला. "मंजूर! लोकांचा कौल मला केव्हाही मंजूर आहे."

मंजूर नसायला काय झालं? तालुक्याच्या गावात फुकट खेळ आणि वर, त्यांनी लगेच फोनवर वाजवून दाखवलं ते, गोड गाणं. निकाल काय लागणार ते मला तिथेच बसल्या जागी दिसत होतं.

बेलसरे गेले तसे नाना विळा घेऊन शेतावर निघाले. कार्तिक संपत आला होता, भात कापून पडलं होतं. मीही मागोमाग गेले. बांधावरून चालताना जेवढं तोंड सोडता येईल तेवढं सोडलं.

"इतकी वर्षं म्हणत आलात, माझ्या पिक्चरमध्ये माझ्याशिवाय कुणी हात घालायचा नाही. त्याच्यापायी मुंबई सोडलीत. आणि आज एका माणसानं पोहे खाता खाता मागितलं आणि तुम्ही दिलंत?"

"अजून दिलं कुठं?"

"दिल्यात जमा आहे! लोकांना गाणं आवडणार, नाना. मला आवडलं ते गाणं, तर लोकांना का नाही आवडणार?"

ते बांधावर बसले. विळ्यानं पायाजवळचं गवत कापत म्हणाले, "कृष्णाबाई दर आठवड्याला येते आणि विचारते, माझं काम कधी दिसायचं? ऐंशीच्या पुढं गेली ती. आज नाही, उद्या नाही, असं सांगून मला कंटाळा आला. डब्यातलं पिक्चर म्हणजे पिक्चर नव्हे, सुनंदा. ते लोकांनी बघितलं पाहिजे."

"कसलंही करून?"

"कसलंही करून नव्हे. म्हणून तर दोन खेळ."

"आणि हरलात तर?"

नानांनी विळा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "हरलो तर गाणं राहील. शब्द दिलाय. पण मग परत पिक्चर करायचं नाही मी. भात आहे, म्हैस आहे, काही अडत नाही."

एवढं साधेपणानं बोलून ते विळा उचलून शेतात उतरले. म्हणजे त्या दोन दुपारींवर केवढं लावलं होतं या माणसानं! मी घरी आले तर वहिनी चुलीपुढे होत्या. मी त्यांना म्हटलं, "वहिनी, तुम्ही तरी समजवा."

"मी कशाला?" वहिनी भाकरी उलटत म्हणाल्या. "मुंबईत बारा वर्षं ह्यांना झोप नव्हती. इथं उशीला डोकं टेकलं की घोरतात. आजपण घोरले तर समजायचं, काही बिघडत नाही."

शुक्रवारी आम्ही महादेव टॉकीजमध्ये सामान लावायला गेलो. पत्र्याचं छप्पर, लाकडी खुर्च्या, तीनशे माणसं बसतील एवढी जागा. चित्र कॉम्प्युटरवरून पडद्यावर जाणार होतं आणि आवाज माझ्या मिक्सरवरून. त्या प्रसंगासाठी मिक्सरवर दोन सरकते खटके होते. एक गाण्याचा, दुसरा सुपाचा. जो वर सरकवू, तो आवाज मोठा. माझं टेबल सगळ्यात मागे, दाराशेजारी मांडलं होतं. त्या दारातून बाहेर पडलं की लगेच कँटीन. हुसेनभाई मुजावरांचं. हुसेनभाई नानांच्याच वयाचे, डोक्यावर जाळीची टोपी, तोंडात कायम सुपारी. मी वायरी जोडत होते तेव्हा नाना कँटीनच्या फळीला टेकून त्यांच्याशी काहीतरी बोलत होते. हुसेनभाई मान हलवून नाही नाही म्हणत होते आणि नाना बोट नाचवून काहीतरी पटवत होते. माझं लक्ष नव्हतं. मी माझ्याच रागात होते.

त्या रागातच मी एक ठरवलं. शनिवारी गाण्याचा खटका अर्धाच वर न्यायचा. गाणं थोडं मिणमिणतं लागलं की झालं. कुणाला काय कळतंय?

शनिवारी तीनला टॉकीज भरलं. बाजारचा दिवस, खेळ फुकट, पिशव्या मांडीवर घेऊन माणसं बसली. कृष्णाबाईंना नानांनी मुद्दाम उद्या यायला सांगितलं होतं. बेलसरे पुढून तिसऱ्या रांगेत, गावातल्या चार प्रतिष्ठितांच्या मध्ये. नाना माझ्या टेबलापाशी उभे. स्वतःचं पिक्चर ते कधीच बघायचे नाहीत. पडद्याकडे अर्धी पाठ करून माणसांकडे बघत राहायचे. मला ती खोड नेहमी विचित्र वाटायची.

मध्यंतर झालं, लोक चहा पिऊन परत आले, वीसेक मिनिटं गेली आणि म्हातारी सूप घेऊन सोप्यात बसली. मी गाण्याचा खटका अर्ध्यावर नेला आणि थांबले.

नाना वाकले. "पूर्ण वर घे."

"एवढं बास आहे."

"लबाडी करू नको. तुझं स्वतःचं गाणं असल्यासारखं लाव."

मी त्यांच्याकडे रागानं बघितलं, पण लावलं. नीट, भरून, जीव ओतून लावलं. गाणं हॉलभर पसरलं. खरंच गोड होतं हो! पुढे बेलसरे डोळे मिटून डोलत होते.

आणि मग माझ्या शेजारी दारावरचा पडदा सरकला. एक माणूस बाहेर गेला. त्याच्या मागोमाग दोघं. मग अख्खी एक रांग उठली. खिशातून विड्या काढत, आळस देत, एकमेकांच्या पाठीवर थाप मारत माणसं बाहेर निघाली. "गाणं लागलंय, चल, येऊ जाऊन," असं म्हणत एक जण माझ्या वायरीला अडखळला. बायका एकमेकींकडे वळून बाजारात काय घेतलं ते दाखवायला लागल्या. मी माणसं मोजायला लागले आणि चाळिसाच्या पुढे सोडून दिलं. बाहेर कपबशांचा नुसता खणखणाट चालला होता. पडद्यावर एसटी आली कधी आणि गेली कधी, कुणाला पत्ता नाही. गाणं संपायच्या बेताला सगळे मुकाट आत येऊन जागेवर बसले.

मी नानांकडे बघितलं. ते हाताची घडी घालून उभे होते. चेहऱ्यावर काही नाही.

पण खरी गंमत खेळ सुटल्यावर झाली. बेलसरे दारात उभे राहून एकेकाला विचारायला लागले. "कसं वाटलं? गाणं कसं वाटलं?"

"लई भारी!"

"एक लंबर गाणं, साहेब!"

"असं गाणं पायजेच पिक्चरमधी." हा तर तोच, माझ्या वायरीला अडखळलेला!

मी तोंड उघडणार तोच नानांनी माझा दंड धरला. बेलसरे घामानं आणि आनंदानं चमकत आमच्याकडे आले.

"झालं, सर! निकाल लागला. एक माणूस नाही म्हणाला नाही. उद्याचा खेळ करायचा कशाला?"

"उद्याचा खेळ ठरलाय," नाना म्हणाले. "फक्त एक विनंती. उद्या पुढं बसू नका. इथं माझ्याजवळ मागं उभं राहा."

"अहो, इथून काय दिसतं?"

"दार दिसतं."

बेलसऱ्यांना ते काही कळलं नाही. मला अर्धं कळलं आणि उरलेल्या अर्ध्यानं मी आणखीनच घाबरले. गाण्याला उठले ते ठीक. पण उद्या गाणंही नसणार. नऊ मिनिटं एक म्हातारी नुसतं भात पाखडणार. उद्या तर हॉल रिकामा होईल!

रविवारी टॉकीज कालपेक्षा जास्त भरलं. गाणं छान आहे अशी हाकाटी गावभर झाली होती ना! काल आलेले कितीतरी जण परत आले होते. म्हणजे लोक गाण्यासाठी आलेत आणि आपण गाणंच काढून घेतलंय. कृष्णाबाई नवं लुगडं नेसून, सुमनवहिनींचा हात धरून मधल्या रांगेत बसल्या होत्या. बेलसरे नानांच्या शेजारी, सारखं घड्याळ बघत. बाहेर हुसेनभाईंचा स्टोव्ह भरभरत होता.

म्हातारी सूप घेऊन सोप्यात बसली. मी गाण्याचा खटका खाली ठेवला आणि सुपाचा वर नेला.

फस्... फस्... फट्.

चौथ्या रांगेतला एक टोपीवाला गडी लगेच उठला. कालचाच! सवयीनं खिशातून विडी काढली, ती ओठात धरली आणि दाराकडे चालायला लागला. गेला एक. आता रांग उठणार.

तो आमच्यापर्यंत आला. दारावरच्या पडद्याला हात घातला. आणि थबकला. गाणं अजून का लागेना, म्हणून असेल, मागे वळून बघायला लागला. म्हातारी पाखडत होती. सूप वर जायचं, दाणे उडायचे, फोलपटं उन्हात जायची. पुढच्या रांगेतल्या एका बाईचा हात मांडीवरच नकळत तसाच हलत होता. कुणीतरी खोकलं, तर चार जणांनी मान वळवून बघितलं. पोरगं रडायला लागलं तसं आईनं पदराखाली घेतलं. तीनशे माणसं त्या सुपाच्या तालाला लागली होती. मला माझाच श्वास ऐकू यायला लागला.

बेलसऱ्यांच्या खिशात फोन थरथरला. त्यांनी न बघताच तो दाबून बंद केला.

मग लांबून एसटी आली. माझी एसटी! काट्यात बसून पकडलेली. म्हातारीचा हात थांबला आणि सगळा हॉल जागच्या जागी थांबला. एसटीनं चढ घेतला. गिअर बदलला. आवाज वळणाआड गेला, आणखी गेला, अगदी बारीक होऊन संपला.

"गेली," दारातला टोपीवाला पुटपुटला. विडी अजून त्याच्या ओठात होती, न पेटवलेली. "बस गेली त्याची."

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. मधल्या रांगेत कुठेतरी बाईमाणसाचा हुंदका आला. पडद्यावर सूप पुन्हा सुरू झालं.

नऊ मिनिटं. एकही माणूस दाराबाहेर गेला नाही. एकही!

उलट दार बाहेरून उघडलं. हुसेनभाई, हातात किटली, आत डोकावत होते. तोंडावर नुसता वैताग. ते काहीतरी बोलणार होते, पण पडद्याकडे नजर गेली आणि तेही किटली धरून तिथेच उभे राहिले.

खेळ सुटला तेव्हा लोक कालच्यासारखे गोंगाट करत निघाले नाहीत. कृष्णाबाईंना वाट करून देत होते. एक तरणा गडी त्यांच्या पाया पडला, तर बाई लाजून म्हणाल्या, "आरं, रोज पाखडते की मी. त्यात काय बघायचं?" पण चेहरा असा फुलला होता त्यांचा! बेलसऱ्यांनी आज कुणालाही काही विचारलं नाही. ते भिंतीला टेकून उभे होते.

शेवटी हुसेनभाईच बोलले. "विश्वा, तू माणूस न्हवंस, सैतान हाईस."

"का रे?"

"का म्हंजे? परवा सांगून गेलास, शनवारी त्या गाण्याच्या टायमाला ऐंशी कप तयार ठेव. ठेवलं. शेवटचा कपसुदीक उरला न्हाई. ह्या साहेबांचं डायवरसाहेब तर दोन कप पिऊन गेलं." बेलसरे चमकून बघायला लागले. "आन् म्हणालास, रविवारी त्या टायमाला चूल पेटवू नको. म्या म्हटलं, येडा झालाय. मी चांगला ऐंशी कपाचा चहा टाकला! ह्यो बघा, निवून पाणी झाला. एक माणूस आलं न्हाई. मीच बघाय आलो, सगळी मेली का काय म्हणून!"

मी नानांकडे बघतच राहिले. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"त्याला न्हाई तर कुणाला म्हाईत असणार?" हुसेनभाई म्हणाले. "त्याचा बाप आन् माझा बाप, दोघांनी मिळून चालवलंय हे कँटीन. आमी दोघं ह्या भिंतीच्या अलीकडं वाढलो. पिक्चर कधी बघाय मिळालं न्हाई, नुसतं ऐकलं. गाणं लागलं की आमची पळापळ. भांडण लागलं की थोडी कमी. आन् एकदम सगळं गप्प झालं, की माझा बाप म्हणायचा, बसा रं पोरांनो, आता कोण येत न्हाई."

बेलसरे हळूहळू म्हणाले, "म्हणजे काल ते सगळे उठून गेले होते?"

"शंभरेक तरी," मी म्हणाले. "आणि परत येऊन तुम्हाला गाणं लई भारी म्हणाले. खोटं नव्हतं ते. गाणं भारीच आहे. चहाबरोबर."

बेलसरे हसले. माणूस दिलदार, हे मला तेव्हा मान्य करावं लागलं. त्यांनी नानांचा हात दोन्ही हातांत धरला. "जसा आहे तसा लावतो, सर. एक फ्रेम हलवणार नाही." मग पुन्हा त्यांच्यातला निर्माता जागा झाला. "पण आता मी तुम्हाला सोडत नाही. पुढचे तीन सिनेमे माझ्याबरोबर. वर्षाला एक. मुंबईत राहायची सोय माझी, ऑफिस माझं, तुम्ही फक्त या."

माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. तीन सिनेमे म्हणजे मलाही काम होतं हो!

"उद्या मळणी आहे," नाना म्हणाले.

"मळणी झाल्यावर या."

"मग म्हशीचं होईल काहीतरी." ते हसले, मग गंभीर झाले. "बेलसरे साहेब, राग मानू नका. वर्षाला एक पिक्चर करायचं म्हटलं की मला रोज सकाळी उठून विचार करावा लागेल, लोकांना काय पाहिजे? मला ते कळत नाही. मला एवढंच कळतं, की मी सोप्यात बसलो असताना कृष्णाबाई भात पाखडत होती आणि मला तिथून उठवेना. असं परत कधी झालं तर तुम्हाला फोन करीन. नाही झालं तर भात पाठवीन."

बेलसऱ्यांनी हात जोडले. हुसेनभाईंनी तोवर गार चहा पुन्हा स्टोव्हवर चढवला होता. तोच आम्ही सगळ्यांनी प्यायला, कृष्णाबाईंनीसुद्धा. कडवट, जास्त उकळलेला. इतका चांगला चहा मी आजवर प्यायले नाही.

परत जाताना मी नानांना गाठलं. "एवढी खात्री होती तर मला का सांगितलं नाहीत? दोन दिवस माझ्या जिवाचं काय झालं!"

"खात्री कुठली?" ते चालता चालता थांबले. "गाण्याला उठतात हे माहीत होतं. सुपाला बसतील का, हे कुणाला माहीत? तो टोपीवाला उठला तेव्हा संपलं सगळं, असंच वाटलं मला. हुसेनला सांगितलं ते आपलं स्वतःला धीर यावा म्हणून."

"काल घोरलात का हो?"

"तुझ्या वहिनीला विचार. डोळ्याला डोळा नाही लागला," नाना म्हणाले आणि मोठ्यानं हसले. मीही हसले. दोघंही रस्त्यात उभे राहून वेड्यासारखे हसत होतो.

उन्हाळ्यात पिक्चर लागलं. पहिल्या शुक्रवारी मी पुण्यातल्या एका चकाचक मल्टिप्लेक्समध्ये गेले. दुपारचा खेळ, हॉल भरलेला. नानांना किती सांगितलं या म्हणून, तर म्हणे काजू उतरवायचेत. म्हातारी सूप घेऊन बसली तशी मी उठले आणि बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिले. नजर दारावर, एक डोळा घड्याळावर. पॉपकॉर्नच्या काउंटरमागे दोन मुली जांभया देत होत्या. एक मिनिट गेलं. चार गेली. सात. दाराआडून माझी एसटी अगदी बारीक ऐकू आली आणि गेली. नऊ. दार हललं नाही.

मी तिथूनच नानांच्या घरी फोन लावला. वहिनींनी हाका मारून त्यांना बागेतून बोलावलं. धापा टाकत आले.

"कोण उठलं का?" त्यांनी आधी तेच विचारलं.

"एकही नाही, नाना!" मी जवळजवळ ओरडलेच. काउंटरवरच्या मुली दचकून बघायला लागल्या. "पुण्यात! एकही माणूस उठला नाही!"

पलीकडे त्यांनी ते वहिनींना ओरडून सांगितलं. मग नाना म्हणाले, "बरं झालं. हुसेनला निरोप देतो, चहा टाकू नको म्हणून."